वेस्ट वॉटरफर्ड: काँग्रेसला अध्यक्ष देणारा, आता पुसला गेलेला आयरिश मतदारसंघ

पावसाळी_पक्षी (धागाकर्ता)

कॉर्कहून फर्मॉयमार्गे डंगार्वनकडे निघालं की कॅपक्विन नावाचं लहानसं गाव लागतं. तिथून आत वळल्यावर फिनिस्क नदीवर एक पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी चक्क आपल्याकडचा वाटावा असा घुमट, बारीक मिनार आणि टोकदार कमानींची वेस! पहिल्यांदा पाहिली तेव्हा बायको म्हणाली, "अगंबाई, इथे कोणाचा दर्गा?"

दर्गा नाही, ड्रोमानाच्या जमीनदाराच्या वाड्याचं ते फाटक. मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट १८२६ मध्ये मधुचंद्राहून परत येणार म्हणून स्वागताला तात्पुरती कमान उभारली होती. ती नवराबायकोला इतकी आवडली की १८४९ मध्ये तीच पक्क्या दगडात बांधून घेतली, असं इथे सांगतात. ब्रायटनच्या राजवाड्यामुळे इंग्लंडात तेव्हा अशा घुमटांची टूम निघाली होती.

घरी येऊन या हेन्रीरावांबद्दल वाचायला बसलो तर ते निघाले इथले खासदार. धागा धरून पुढे गेलो तेव्हा कळलं की याच भागातून, पण पुढे साठेक वर्षांनी, आल्फ्रेड वेब निवडून आला. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष तो हाच! तेव्हापासून दोन महिने या मतदारसंघाच्या मागे आहे. जमेल तसं लिहितो.

भूगोल थोडक्यात. वॉटरफर्ड हा आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचा परगणा. पश्चिमेकडे ब्लॅकवॉटर नदी, तिच्या काठी लिझमोर, कॅपक्विन, टॅलो ही गावं आणि समुद्रावर डंगार्वन. डंगार्वनच्या खाडीपलीकडे रिंग नावाचं गाव आहे, तिथे आजही आयरिश भाषा बोलली जाते. १८०१ पासून आयर्लंडचे खासदार थेट लंडनला बसायचे. परगण्याच्या दोन जागा होत्या आणि डंगार्वन शहराची एक वेगळी जागा. १८८५ मध्ये जागांची फेररचना झाली, डंगार्वनची जागा बुडाली, परगण्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पडले आणि वेस्ट वॉटरफर्ड जन्माला आला. १९१८ मध्ये संपलासुद्धा. जेमतेम ३३ वर्षांचं आयुष्य आणि खासदार फक्त तीन: जॅस्पर पाइन, आल्फ्रेड वेब, जे. जे. ओ'शी.

पाचवा_अटेम्प्ट

अहो, "आल्फ्रेड वेब – १८९४ – मद्रास" हे मी इतक्यांदा पाठ केलंय की झोपेतही सांगेन. यूल, वेडरबर्न, वेब, कॉटन. पण तो कोण, कुठला, हे कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये नाही. "आयरिश खासदार" एवढंच. पहिला परदेशी अध्यक्ष म्हणून वेबवर टिक करणारे महाभागही आहेत. पहिला यूल, १८८८, अलाहाबाद.

लिहा पक्षीराव, वाचतोय.

खवचट_खडू

जमीनदाराचं फाटक बघून दोन महिने मतदारसंघाच्या मागे लागणाऱ्या माणसाला तिकडे वीकेंडला दुसरं काम नसावं. :) पण एक सांगा, त्या हेन्रीरावांना मतं कोणी दिली? कुळांनीच ना? मग त्यात निवडणूक कसली, ती तर वसुली!

पावसाळी_पक्षी

खडू, खरं नाट्य तिथेच आहे. जरा सविस्तर सांगतो.

१७९३ पासून आयर्लंडमध्ये कॅथलिकांना मत देता येत होतं, पण पार्लमेंटात बसता येत नव्हतं. परगण्यात मत मिळायला वर्षाला ४० शिलिंग किमतीची जमीन पुरे असे. जमीनदारांनी काय केलं, कुळांना भराभर तसे पट्टे लिहून दिले, म्हणजे मतदार वाढले आणि मतं आपल्याच खिशात. मतदान तोंडी, सगळ्यांदेखत. समोर मालकाचा कारभारी उभा असताना नाव उच्चारायचं. वॉटरफर्डमध्ये हे खिसे कराहमोरच्या बेरेसफर्ड घराण्याचे. परगण्याची एक जागा म्हणजे जणू त्यांच्या घरची वतनदारी.

१८२६ मध्ये डॅनियल ओ'कॉनेलच्या कॅथलिक असोसिएशनने ठरवलं की बेरेसफर्डना इथेच पाडायचं. कॅथलिक उमेदवार उभा करता येत नव्हता, म्हणून कॅथलिकांच्या बाजूचा प्रॉटेस्टंट शोधला, तो हा ड्रोमानाचा तरुण जमीनदार. प्रचाराची बांधणी थॉमस वाइजने केली. (हा वाइज नेपोलियनच्या पुतणीचा नवरा. त्या संसारावर वेगळा धागा होईल.) गावोगावचे पाद्री कामाला लागले. मतदान सुरू झालं आणि बेरेसफर्डची स्वतःची कुळं सगळ्यांसमोर उभी राहून स्टुअर्टचं नाव घेऊ लागली. लॉर्ड जॉर्ज बेरेसफर्डने मतदान पुरं होण्याआधीच मैदान सोडलं.

मालक सूड घेणार हे उघड होतं. बाकी थकली म्हणून नोटिसा निघाल्या, तेव्हा हुसकावलेल्या कुळांसाठी असोसिएशनने निधी उभारला. दोन वर्षांनी क्लेअर परगण्यात खुद्द ओ'कॉनेल उभा राहिला आणि जिंकला, त्याची रंगीत तालीम वॉटरफर्डलाच झाली होती.

मग १८२९ मध्ये कायदा झाला, कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली. पण सरकारने त्याच दमात ४० शिलिंगांची अट १० पौंडांवर नेली. परगण्यांतले मतदार दोन लाखांच्या वरून ३७ हजारांच्या आसपास आले. ज्यांच्या धाडसावर लढाई जिंकली त्यांचंच मत गेलं! आणि ओ'कॉनेलने ते फारसं न भांडता पत्करलं.

रानजाई

बापरे. म्हणजे ज्या कुळाने मालकासमोर तोंड उघडलं, त्याला तीन वर्षांनी "आता तू मतदारच नाहीस" म्हणून सांगितलं.

ओ'कॉनेलचे पुतळे आहेत म्हणे सगळीकडे. त्या कुळांचा आहे का कुठे एखादा?

पावसाळी_पक्षी

मी तरी अजून पाहिलेला नाही. फाटक मात्र आहे. १९६०च्या दशकात मोडकळीला आलं होतं, तेव्हा जुन्या इमारती जपणाऱ्या मंडळींनी दुरुस्त केलं.

अवांतर_बुवा

अवांतर: लिझमोर म्हणजे तेच ना, जिथल्या वाड्यात १६२७ मध्ये रॉबर्ट बॉइल जन्मला? वायूचा दाब वाढला की आकारमान कमी होतं, तो नववीतला बॉइल. १८०१ च्या आधी डब्लिनला आयर्लंडचं वेगळं पार्लमेंट होतं आणि त्यात लिझमोर आणि टॅलो या टिचभर गावांचेही प्रतिनिधी असत. कोण जाणार ते वाड्याचा मालक ठरवी. पुढे लग्नसंबंधातून वाडा डेव्हनशरच्या ड्यूकांकडे गेला तसा खिसाही गेला.

आणि डंगार्वनला विसरू नका. शहर छोटं, मतदार काहीशे, पण माणसं एकेक नमुनेदार. रिचर्ड लेलर शील हा १८४१ पासून तिथला खासदार, बोलण्यात ओ'कॉनेलच्या खालोखाल. पुढे लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख झाला. १८४९ मध्ये नवं फ्लोरिन नाणं निघालं, त्यावर राणीच्या नावापुढे "देवाच्या कृपेने" ही अक्षरं नव्हती. इंग्लंडात कोण गदारोळ! टांकसाळीवर कॅथलिक माणूस बसवला की असंच होणार, म्हणून खापर शीलच्या माथी. पुढचं नाणं मुकाट्याने देवासकट निघालं. त्या बिनदेवाच्या फ्लोरिनला आज नाणी जमवणाऱ्यांत चांगला भाव आहे.

शीलनंतर १८५२ ते ६५ जॉन फ्रान्सिस मॅग्वायर, कॉर्क एक्झॅमिनर वर्तमानपत्राचा संस्थापक.

चिकित्सक_काका

बुवा, डंगार्वनची यादी फ्रँक ह्यू ओ'डॉनेलशिवाय कशी पुरी होईल? आपल्या दृष्टीने तर वेबच्याही आधी तो.

१८७७ मध्ये डंगार्वनमधून आला आणि त्याच वर्षी पार्नेल (पुढे आयरिश पक्षाचा पुढारी झाला तो), बिगर वगैरे मंडळींबरोबर पार्लमेंटात अडवणूक सुरू केली. दक्षिण आफ्रिकेच्या विधेयकावर सभागृह सलग सुमारे २६ तास बसवून ठेवलं. हिंदुस्थानचे प्रश्न तो तिथे सतत काढायचा. भाऊ चार्ल्स बंगालमध्ये सनदी नोकरीत असून सरकारच्याच जमीनधोरणावर टीका करणारी पत्रकं काढत होता, त्यामुळे माहिती घरातूनच मिळे. आयरिश आणि हिंदी लोकांनी पार्लमेंटात एकत्र काम करावं ही कल्पना त्याने फार लवकर मांडली. कुळांच्या चळवळीचा पुढारी मायकेल डेव्हिट याने तर पार्नेलला सुचवलं होतं की आयर्लंडमधली एखादी पक्की जागा दादाभाई नौरोजींना द्या. पार्नेलने ते अंगाला लावून घेतलं नाही.

पण ओ'डॉनेलचं कोणाशी पटेना. पार्नेलला पुढारीपण मिळालं याचं शल्य आयुष्यभर राहिलं. स्वपक्षीय त्याला "क्रँक ह्यू" म्हणत. १८८५ मध्ये डंगार्वनची जागाच गेली आणि हा बाहेर पडला. त्यानंतर त्याने जो घोळ घातला त्याला तोड नाही. लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्राने पार्नेलविरुद्ध छापलेल्या मजकुरात आपलीही बदनामी झाली म्हणून १८८८ मध्ये खटला भरला, तो हरला, आणि त्या सुनावणीत टाइम्सने पार्नेलच्या नावावरची आणखी पत्रं बाहेर काढली. मग सरकारने चौकशी नेमली. १८८९ मध्ये उलटतपासणीत कळलं की ती पत्रं रिचर्ड पिगॉट नावाच्या इसमाने बनवलेली होती. पिगॉट माद्रिदला पळाला आणि तिथे स्वतःवर गोळी झाडून घेतली. म्हणजे ओ'डॉनेलने पार्नेलला जवळजवळ बुडवलं होतं, झालं उलटंच, पार्नेल पुरता धुऊन निघाला.

पावसाळी_पक्षी

काका, झकास. हे मला इतक्या क्रमाने सांगता आलं नसतं. आता मूळ मतदारसंघाकडे येतो.

पहिला खासदार जॅस्पर डग्लस पाइन. टॅलोजवळच्या लिझफिनी किल्ल्यावर राहून शेती करायचा. तेव्हा जमीनदारांविरुद्ध कुळांची मोहीम जोरात होती. जो मालक वाजवी खंड घेणार नाही त्याला खंडच द्यायचा नाही, तो पैसा एकत्र निधीत टाकायचा. १८८७ मध्ये भाषणं केल्याबद्दल पाइनवर वॉरंट निघालं. गड्याने काय करावं? किल्ल्याच्या जुन्या बुरुजात स्वतःला कोंडून घेतलं. खाली पोलिसांचा वेढा, वर खासदार. अखेर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटला. नोव्हेंबर १८८८ मध्ये आयरिश समुद्र ओलांडताना बोटीवरून पाण्यात पडला आणि बुडाला.

खवचट_खडू

खासदाराला पकडायला पोलीस बुरुजाखाली तळ ठोकून बसलेत, हे दृश्य इकडच्या मंडळींना दाखवायला हवं. इकडे खासदारच पोलिसांना खाली बसवून ठेवतो.

अवांतर_बुवा

या परगण्याला पाण्याचा शापच दिसतो. ड्रोमानाच्या हेन्रीचा मुलगाही हेन्रीच, तोही परगण्याचा खासदार होता आणि मोठा इजिप्तवेडा, प्राचीन थडग्यांवर पुस्तकं लिहिणारा. तो १८९५ मध्ये घराजवळच ब्लॅकवॉटरमध्ये बुडाला. होडीत चढताना पाय घसरला.

पावसाळी_पक्षी

आता वेब. १८९० च्या फेब्रुवारीत पोटनिवडणुकीत आला.

जन्म डब्लिनचा, १८३४. घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, म्हणजे साधे कपडे, दारू नाही, युद्ध नाही. आई वॉटरफर्डची, तेवढंच नातं. वडील रिचर्ड वेब छापखानावाले आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीचे कडवे विरोधक. गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये आयर्लंडला आला तेव्हा त्याच्या आत्मचरित्राची डब्लिन आवृत्ती याच छापखान्यात निघाली. (डग्लस आणि थोरले वेब यांचं फारसं जमलं नाही, तो भाग वेगळा. छापणारा आणि लिहिणारा यांचं कधी जमलंय!) आल्फ्रेड तेव्हा अकरा वर्षांचा. वयात आल्यावर प्रकृतीसाठी ऑस्ट्रेलियाला धाडला होता. पुढे बापाचा छापखाना सांभाळत आयरिश थोरांचा एक जाडजूड चरित्रकोश एकट्याने रचला, तो १८७८ मध्ये निघाला. होमरूल चळवळीचा खजिनदारही होता. हिशेबाला इतका चोख माणूस चळवळीत सापडणं अवघडच.

खासदार होऊन वर्ष होत नाही तोच पार्नेलचं कॅप्टन ओ'शेच्या बायकोशी असलेलं प्रकरण घटस्फोटाच्या कोर्टात उघड झालं आणि पक्ष उभा चिरला. वेब पार्नेलच्या विरोधात गेला. १८९२ मध्ये वेस्ट वॉटरफर्डने त्याला पार्नेलविरोधक म्हणूनच पुन्हा निवडून दिलं. गंमत अशी की शेजारच्या वॉटरफर्ड शहराने त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १८९१ च्या पोटनिवडणुकीत, पार्नेलवाल्या जॉन रेडमंडला कौल देऊन मायकेल डेव्हिटसारख्या माणसाला पाडलं होतं. एकाच परगण्यात शहर एकीकडे आणि खेडी दुसरीकडे.

१८९२ मध्ये दादाभाईही लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून आले. इतक्या थोड्या मतांनी की त्यांचं "नॅरो-मेजॉरिटी" असं नाव पडलं. तिथून हे दोघे एकाच सभागृहात. आणि १८९४ च्या डिसेंबरात वेब मद्रासच्या व्यासपीठावर. तिथे तो म्हणाला त्याचा आशय असा: जुलूम कुठेही असो, मला त्याचा तिटकारा आहे, आणि माझंच सरकार तो करत असेल तर जास्तच, कारण मग त्यात थोडा मीही जबाबदार ठरतो.

रानजाई

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

खवचट_खडू

वाक्य छान आहे हो. पण टॅलोच्या शेतमजुराने काय करायचं त्याचं? माणूस डब्लिनचा, तिकीट पक्षाने दिलेलं, भाषण मद्रासला. आपल्याकडे याला "उपरा उमेदवार" म्हणतात.

चिकित्सक_काका

खडू, आक्षेप अगदीच फोल नाही, पण तेव्हाची पद्धत बघा. खासदारांना पगार १९११ पासून सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी लंडनला राहायचं तर स्वतःचा पैसा हवा किंवा पक्षाने द्यायला हवा, आणि पक्षाचा पैसा यायचा अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या आयरिश लोकांकडून. साहजिकच उमेदवार कोण ते पक्ष ठरवी. मतदारही "आमचा रस्ता कर" म्हणून पाठवत नव्हते, होमरूलच्या बाजूने एक डोकं मोजायला पाठवत होते.

वेबने ती खुर्ची धरूनही ठेवली नाही. १८९५ च्या निवडणुकीनंतर त्याच वर्षी राजीनामा दिला. तिथे सरळ राजीनामा देता येत नाही. राजाच्या नोकरीतलं एखादं नाममात्र पद मागून घ्यायचं, म्हणजे खासदारकी आपोआप रद्द होते. आजही हाच प्रकार चालतो. एकूण १८९५ हे वर्ष त्या मैत्रीला वाईटच गेलं, दादाभाईही त्याच निवडणुकीत पडले. मद्रासनंतरची काँग्रेस पुण्याला भरली, तिथे काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवू द्यायची की नाही यावरून रानडे आणि टिळक पक्षांत काय रण माजलं ते पेठकरांना सांगायला नको.

पावसाळी_पक्षी

खडूच्या प्रश्नाला खरं उत्तर तिसरा खासदार देतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर धागा सुरू केला वेबसाठी, पण वाचता वाचता जीव जडला तो ओ'शीवर.

जेम्स जॉन ओ'शी, वकील. १८९५ च्या पोटनिवडणुकीत आला आणि १९१८ पर्यंत राहिला. ३३ वर्षांच्या मतदारसंघातली २३ वर्षं एकट्याची! त्याच्यावर कोणी पाठांतर करत नाही. बुरुज नाही, मद्रास नाही, बोटीवरून पडणं नाही.

याने काय केलं, तर शेतमजुरांची बाजू धरली. कुळांच्या चळवळीत नेहमी एक माणूस मागे राहायचा. कूळ भांडून जमिनीचं मालक होत होतं, पण त्या कुळाच्या बांधावर राबणारा मजूर मातीच्या एका खोलीतच. १८९४ मध्ये डी. डी. शीहनच्या साथीने मजुरांची आणि लहान शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली, ओ'शी तिचा सचिव. मागणी एकच, घर आणि घरामागे भाजीपाल्यापुरती एकरभर जमीन. मजुरांच्या घरांचा कायदा १८८३ पासून होता, पण काम रखडत चाललं होतं. १९०६ च्या कायद्याने पैसा आला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत आयर्लंडभर अशी ४० हजारांवर घरं झाली. ती अजून दिसतात. रस्त्याकडेला ठेंगणं, दोन खिडक्यांचं घर आणि त्याच्या मानाने बरीच मोठी बाग दिसली की ओळखायचं. आमच्या रस्त्यावर तीन आहेत. त्यातलं एक गेल्या वर्षी विकलं गेलं, किंमत ऐकून मी गाडीत बसून राहिलो.

रानजाई

आमच्या आजोळी कुळकायद्यानंतर अगदी हेच झालं. कुळं मालक झाली, सालगडी सालगडीच राहिला. त्याला कोणी ओ'शी भेटला नाही.

पाचवा_अटेम्प्ट

आणि एवढं करून १९१८ मध्ये पडला का?

पावसाळी_पक्षी

पडला, आणि दणकून. वर्ष तसंच होतं. १९१६ चं डब्लिनमधलं इंग्रजांविरुद्धचं बंड, त्यानंतरच्या फाशीच्या जागी गोळ्या घालून दिलेल्या शिक्षा, मग १९१८ मध्ये आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादायचा प्रयत्न. होमरूल मागणारा जुना पक्ष लोकांना एकदम म्हातारा वाटू लागला. त्यातच सगळ्या जागांची पुन्हा फेररचना झाली, ईस्ट आणि वेस्ट जोडून वॉटरफर्ड परगण्याचा एकच मतदारसंघ केला. ओ'शी तिथे उभा राहिला. समोर शिन फेन या पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाचा कॅहल ब्रू, १९१६ मध्ये डब्लिनच्या लढाईत गोळ्यांनी चाळण झालेला आणि तरी जगलेला. निकाल काय लागणार हे मतमोजणीआधीच ठरलेलं होतं. देशभरात १०५ पैकी ७३ जागा शिन फेनला. उत्तरेकडचा अल्स्टर प्रांत सोडला तर जुन्या पक्षाने एकच जागा राखली, ती शेजारचीच वॉटरफर्ड शहराची, कारण तिथे मार्चमध्ये वारलेल्या जॉन रेडमंडचा मुलगा उभा होता.

निवडून आलेले शिन फेनवाले लंडनला गेलेच नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनमध्ये आपली सभा भरवली, तिला डॉल म्हणतात, तीच आजची आयरिश लोकसभा. बहुतेक पुढारी तुरुंगात, म्हणून पहिल्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी वॉटरफर्डचा हा ब्रूच. हजेरी घेताना नावामागून नावाला आयरिशमध्ये एकच उत्तर येत होतं: "परक्यांच्या कैदेत."

पुढे इंग्लंडशी झालेला तह ब्रूला मान्य नव्हता. जुलै १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या रस्त्यावर गोळी लागून गेला. त्याची बायको कॅटलीन १९२३ मध्ये वॉटरफर्डमधून निवडून आली.

अवांतर_बुवा

आणि वेब? तो कुठे गेला शेवटी?

पावसाळी_पक्षी

१९०८ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर सुट्टीला गेला होता, तिथेच वारला. डब्लिनजवळ ब्लॅकरॉकला क्वेकरांच्या दफनभूमीत आहे. मी जाऊन आलो. क्वेकरांचे दगड सगळे सारखे, बुटके, त्यावर नाव आणि तारीख. बायकोने घरून शेवंतीची चार फुलं आणली होती, पण तिथली शिस्त बघून ठेवावीत की नाही कळेना. शेवटी ठेवली.

पाचवा_अटेम्प्ट

धन्यवाद पक्षीराव. पुढच्या महिन्यात पूर्व परीक्षा आहे. नोट्समध्ये वेबच्या पुढे कंसात "वेस्ट वॉटरफर्ड" लिहून ठेवलंय. ओ'शी विचारणार नाहीत, तरी लिहिलाय.